पद्मिनीच्या प्रेमात पडण्याआधी खिशात चुंबक ठेवा

‘सर, पहिली गाडी म्हणून पद्मिनी घेऊ का?’

एका कॉलेजच्या कार्यक्रमाला गेलो होतो. भाषण संपलं, चहा आला आणि इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा बशीतलं बिस्कीट तसंच टाकून हे विचारायला आला. भाषणाचा विषय करिअर होता. त्याबद्दल त्याला काहीच विचारायचं नव्हतं. त्यानं मोबाइल पुढे केला. फिकट निळी पद्मिनी, चकचकीत ग्रिल, मागे उसाचं शेत. फोटो बघून कुणीही पाघळावं. मालक एक लाख दहा म्हणत होता, शेवटचे नव्वद. याच्याकडे साठ होते. शाळेतल्या पोरांच्या शिकवण्या घेऊन आणि दोन उन्हाळे कुरिअरची पाकिटं वाटून जमवलेले. वरचे तीस आई देणार होती. आणि लायसन्स? ते हातात पडून पाच आठवडे झाले होते.

मी त्याला तिथल्या तिथे ना हो म्हटलं, ना नाही. नंबर घेतला आणि म्हटलं, आठ दिवसांत लिहून कळवतो. कारण माझी स्वतःची पहिली गाडी पद्मिनीच होती आणि तिच्याबद्दल चहाच्या एका कपात सांगून होत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. या वेडाला नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. हल्ली जुन्या गाड्यांचे रील जोरात आहेत, त्यातली निम्मी पोरं नुसती फोटोपुरती आहेत, हे सगळं मान्य. पण जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं की आत काय चाललंय ते दिसतं, ही मजा आजच्या गाडीत नाही. आज बॉनेट उघडलं की काळ्या प्लॅस्टिकचं झाकण दिसतं आणि पुढचं सगळं लॅपटॉप लावल्याशिवाय कळत नाही. जुन्या गाडीत कार्ब्युरेटर हा असा, डिस्ट्रिब्युटर तो तिकडे, फॅनबेल्ट सैल पडलाय तर बोटानं दाबून कळतो. दहा-बाराचा पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि थोडी अक्कल असली की रस्त्याच्या कडेला अर्धी दुरुस्ती होते. मेकॅनिकलला असलेल्या मुलाला चार सेमिस्टरमध्ये जे कळत नाही ते एका रविवारी कळतं.

शिवाय घराघरात या गाड्यांची एकेक गोष्ट असते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट. आधीची गोलमटोल ‘डुक्कर फियाट’, मग १९६४ ची डिलाइट, पुढे १९७४ पासून पद्मिनी. ज्या काळात गाडी बुक करून लोक वर्षानुवर्षं वाट बघत बसायचे, त्या काळात कुणाच्या तरी आजोबांनी ती घेतलेली असते. लग्नातली वरात तिच्यातून, बाळंतीण दवाखान्यातून घरी आली तीही तिच्यातून. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीला ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्ता बंद झाला, तेव्हा मुंबईकरांनी तिच्यासोबत फोटो काढून घेतले ते उगाच नाही. ज्यांना त्या टॅक्सीत कायम घाम फुटला होता तेसुद्धा हळवे झाले.

तर ओढ खरी आहे. पण ओढ असणं आणि तीच तुमची पहिली गाडी असणं, यात आंबा घाटाएवढं अंतर आहे. घाटाचं नाव मुद्दाम घेतलं.

२००४ साल. कोल्हापुरात पहिली नोकरी लागून आठ महिने झाले होते. बत्तीस हजारांना एक पांढरी पद्मिनी घेतली. विकणारा म्हणाला, ब्रेकचं काम नुकतंच केलंय, पाच वर्षं बघायला नको. मी विश्वास ठेवला आणि उरलेले आठ हजार कशावर घातले? रंगावर आणि टेपवर. मागे दोन मोठे स्पीकर. पुढच्याच महिन्यात तिघा मित्रांना घेऊन गणपतीपुळ्याला निघालो. मलकापूर मागे पडलं, घाट लागला, दरीत धुकं, टेपवर गाणी. मी उतारावर चौथ्या गियरमध्येच आणि उजवा पाय ब्रेकवर. कुणी सांगितलंच नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलो ते सपाट मैदानावर.

आधी वास आला. जळकट, केस जळाल्यासारखा. मागे बसलेला मित्र म्हणाला, कुणाचं तरी काहीतरी जळतंय. ते आमचंच होतं. पुढच्या वळणाला ब्रेक दाबला तर पाय नुसता खाली गेला. पुन्हा दाबला, थोडं लागलं, पुन्हा खाली. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. सारखे दाबून ठेवले तर ते तापतात आणि तापले की धरत नाहीत, हे विज्ञान मला त्या वळणावर कळलं. तिसरा टाकला, इंजिन किंचाळलं, मग दुसरा, हँडब्रेक ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. डावं मडगार्ड दगडाला घासत घासत थांबलो. डोंगर डावीकडे होता म्हणून आज हे लिहितोय. आम्ही चौघंही पाच मिनिटं काही बोललो नाही. टेप मात्र चालूच होता.

मागून आलेल्या ट्रकवाल्यानं गाडी बाजूला घेतली, खाली उतरून चाकाजवळ हात नेला आणि लगेच मागे घेतला. म्हणाला, ‘ज्या गियरात चढतोस त्याच गियरात उतरायचं असतंय भावा. ब्रेकवर न्हाई.’ तासभर थांबवलं, चाकं गार होऊ दिली आणि त्याच्या ट्रकमागून दुसऱ्या गियरमध्ये साखरप्यापर्यंत नेलं. तिथल्या मेकॅनिकनं ड्रम उघडले. दोन चाकांचे लायनर संपून पत्र्याला पत्रा लागत होता, एका व्हील सिलिंडरमधून ऑइल गळत होतं. नुकतंच केलेलं काम हे असं होतं.

दोष गाडीचा म्हणता येणार नाही. विकणारा खोटं बोलला हे खरंच, पण लायनर न बघता स्पीकर बसवणारा मीच होतो. तिघा मित्रांच्या आयांना मी काय सांगणार होतो, हा प्रश्न आजही कधी कधी रात्री पडतो.

म्हणून त्या मुलाला आणि त्याच्यासारख्या सगळ्यांना माझं म्हणणं असं. जुनी गाडी जरूर घ्या. पण पहिल्याच फटक्यात पद्मिनी घेऊ नका. पहिली गाडी घ्यायची तर मारुती ८००.

माहितेय, चेहरा पडला असेल. ‘८०० काय क्लासिक आहे का?’ का नाही? १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या ८०० ची किल्ली खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधींनी मालकाच्या हातात दिली. २०१४ च्या जानेवारीत ती बनायची थांबली. तीस वर्षांत २५ लाखांहून जास्त गाड्या. या देशात मध्यमवर्गाला ‘आपणही कार घेऊ शकतो’ हे वाटायला लावणारी गाडी तीच. पहिल्या तीन वर्षांतलं ते छोटं चौकोनी मॉडेल आता संग्राहक शोधतात, ते तुमच्या-माझ्या आवाक्यातलं राहिलेलं नाही. पण १९८६ नंतरच्या आकाराची, नव्वदच्या दशकातली कार्ब्युरेटरवाली ८०० अजून मिळते. कागदं नीट असलेली, चालू स्थितीतली गाडी साधारण एका नव्या स्कूटरच्या पैशात.

आणि मुद्दा पैशाचाच नाही. ती वजनाला हलकी आहे, त्यामुळे पॉवर स्टेअरिंग नसलं तरी हात भरून येत नाहीत. आकार लहान, चारही कोपरे सीटवरून दिसतात, गल्लीत वळते, सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसते. गियर खाली, जिथे तुम्ही शिकलात तिथेच. पद्मिनीचा गियर स्टेअरिंगखालच्या दांडीवर असतो (शेवटच्या काळातल्या काही गाड्या सोडल्या तर). तो वापरायला मजा येते, पण ज्याला अजून क्लच कुठे धरतो हे पायाला कळलेलं नाही त्यानं चौकातल्या चढावर हाताला दुसरी भाषा कशाला शिकवायची? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ८०० चं तेच ७९६ सीसीचं इंजिन ओम्नीत होतं आणि ओम्नी २०१९ पर्यंत बनत होती. म्हणजे पार्ट मिळतो. तालुक्याच्या गावात मिळतो. आणि तो बसवणारा माणूसही मिळतो.

जुनी गाडी घेताना हा शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा असतो, तुमच्या घरापासून सायकलवर जाता येईल एवढ्या अंतरावर ही गाडी उघडून बसवू शकणारा मिस्त्री आहे का? पद्मिनीचे मिस्त्री आता साठीच्या पुढचे आहेत. त्यांच्या हाताखालच्या पोरांना कार्ब्युरेटर म्हणजे काय ते बाइकवरून माहीत. तुमच्या गावात असा एखादा जुना उस्ताद असेल आणि तो तुम्हाला शेजारी उभं करून शिकवायला तयार असेल, तर माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवा आणि पद्मिनी बघा. अशी माणसं आता थोडी उरली आहेत आणि ती गाडीपेक्षा जास्त दुर्मीळ आहेत.

बाकीच्या गाड्यांबद्दल फार बोलत नाही. अ‍ॅम्बॅसेडर म्हणजे फिरता दिवाणखाना, २०१४ पर्यंत बनत होती, दणकट आहे. पण जड, रुंद आणि पेट्रोलची तहान भागता भागत नाही. विद्यार्थ्यानं ती पोसणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड. कॉन्टेसा दिसायला राजेशाही, मात्र पार्ट शोधताना राजाही रंक होईल. स्टँडर्ड हेरल्ड बघून खूश व्हा आणि पुढे चला. टाटा सिएरा पुण्याची म्हणून आपल्याला जवळची, पण मागची ती छतापर्यंत वळलेली काच फुटली तर दुसरी आणणार कुठून? हं, १९९३ नंतरची झेन मात्र बघायला हरकत नाही. तिला क्लासिक म्हणायला लोक अजून दहा वर्षं लावतील, तोवर स्वस्त आहे.

आता चुंबकाकडे येतो.

इंजिनाला घाबरू नका. इंजिन बांधता येतं, पिस्टन-रिंग बदलता येतात, त्याचा खर्च आधी विचारता येतो. घाबरायचं ते गंजाला. आतून कुजलेला पत्रा वरून लांबी थापून, घासून, रंग मारून असा झाकतात की फोटोत आरसा दिसावा. साधं चुंबक घ्या, रंगाला ओरखडा नको म्हणून रुमालात गुंडाळा आणि गाडीच्या अंगावरून फिरवा. दाराच्या खालची कड, चाकांच्या वरची कमान, मागच्या डिकीचा तळ. चुंबक धरायचं सोडून गळून पडलं की समजा, तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. मग पायाखालचं मॅटिंग उचला. मालक म्हणेल, अहो ते चिकटवलंय. तरी उचला. खाली ओल असेल, बोटानं दाबल्यावर पापुद्रे निघत असतील किंवा थेट रस्ता दिसत असेल, तर चहा पिऊन निघा. जॅक लावायच्या जागा नीट बघा, कारण गाडी उचलताना जॅक आत घुसला म्हणजे गाडीचा सांगाडाच गेला. किनाऱ्यावरची गाडी आणि सोलापूर-नगरकडची कोरड्या हवेतली गाडी, यांत एवढ्यासाठीच फरक असतो. रत्नागिरीची दिसायला कितीही देखणी असली तरी मी सोलापूरच्या रंग उडालेल्या गाडीकडे आधी जाईन. उडालेला रंग खरं बोलतो.

गाडी बघायला सकाळी जा आणि मालकाला आधी सांगून ठेवा की मी येईपर्यंत चालू करू नका. गरम इंजिन सगळ्यांचंच गोड सुरू होतं. गार इंजिनाला चोक ओढून ती कशी उठते, निळा धूर किती वेळ राहतो, हे बघा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरी वाफ थंडीत येते, ती थोड्या वेळात गेली तर काळजी नाही. मग मिस्त्रीला घेऊन चारही ड्रम उघडायला लावा. मालक नको म्हणाला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

आणि हल्ली एक नवी भानगड आहे, पेट्रोलची. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. या गाड्या बनल्या तेव्हा ते कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. इथेनॉल जुन्या रबराला खातं आणि हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून गाडी घेतल्याबरोबर पेट्रोलचे सगळे जुने रबरी पाइप बदला. गळका पाइप आणि तापलेलं इंजिन यांची गाठ पडली तर काय होतं ते सांगायला नको. आणि टाकी भरून गाडी महिनाभर उभी ठेवू नका, पत्र्याची टाकी आतून गंजते.

एवढं सगळं बघून गाडी पसंत पडली तरी पैसे देऊ नका. आता कागद.

बहुतेक जुन्या गाड्यांची गंमत अशी की गाडी दारात असते, पण मालक फोटोत हार घालून असतो. आरसी आजोबांच्या नावावर, आजोबा जाऊन सहा वर्षं झाली, आणि नातू म्हणतो ‘तुम्ही पैसे द्या, नावाचं बघू नंतर.’ नंतर काही होत नाही. कायद्यानं मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी फॉर्म ३१ असतो. ते झालं की मग वारसानं तुम्हाला विकायची, फॉर्म २९ आणि ३० भरून. हा क्रम उलटा होत नाही. गाडी दुसऱ्या आरटीओच्या हद्दीतली असेल तर तिथली एनओसी आधी. बँकेचा बोजा पंचवीस वर्षांपूर्वी फिटला असला तरी आरसीवर तसाच दिसत असतो, तोही उतरवून घ्यायला सांगा. आणि चासी नंबर स्वतः वाचा. आरटीओत पेन्सिलनं त्याची छाप मागतात. गंजानं आकडे खाल्ले असतील तर ती गाडी कागदावर तुमची कधीच होणार नाही.

खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्यामुळे आरसीवर मुदत किती उरली आहे ते बघूनच भाव करा. २० वर्षांपेक्षा जुन्या कारचं नूतनीकरण शुल्क २०२५ च्या ऑगस्टमध्ये १० हजार रुपये झालं. वर पर्यावरण कर वेगळा, नवी सुरक्षा नंबरप्लेट वेगळी. मुदत आधीच संपलेली असेल तर उशिराच्या दर महिन्याला ५०० रुपये. चार वर्षं उभी असलेली ‘स्वस्त’ गाडी इथेच महाग पडते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हा. विम्याचं मात्र बरं आहे. १००० सीसीपर्यंतच्या कारचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरानं वर्षाला २०९४ रुपये, १०८९ सीसीची पद्मिनी वरच्या गटात गेल्यानं ३४१६. गाडीची किंमत कितीही कमी असली तरी हा विमा टाळू नका. तुमच्या गाडीखाली कुणी आलं तर भरपाई तुमच्या आईच्या तीस हजारांतून होणार नाही.

‘सर, व्हिंटेजचा नंबर घेतला की कटकट संपते ना?’ हा प्रश्न हमखास येतो. नाही संपत. २०२१ च्या नियमानं व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडी. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, दहा वर्षांचे २० हजार रुपये, आणि ती रोजच्या वापरात चालवायला बंदी. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढंच. कॉलेजला नेता येणार नाही.

इथे एक तक्रार सरकारदरबारी नोंदवतो. पन्नाशीच्या पुढची गाडी वारसा आणि पंधरा ते पन्नास वर्षांची गाडी म्हणजे जवळजवळ भंगार, असा हा हिशेब आहे. ज्याच्याकडे गॅरेज आहे, दुसऱ्या चार गाड्या आहेत, त्याला पहिलं परवडतं. दुसऱ्यात मरतो तो शिक्षक, शेतकरी, कॉलेजचा पोरगा. धूर आणि ब्रेक कडक तपासा, नापास झाली तर खुशाल रस्त्यावरून काढा, त्याला माझा पाठिंबाच आहे, घाटातून आलेला माणूस आहे मी. पण जी गाडी तपासणीत पास होते तिच्याकडून नुसत्या वयाचे म्हणून दहा हजार का? महिन्याला दोनशे किलोमीटर चालणारी, मालकानं जिवापाड सांभाळलेली ८०० आणि रोज दीडशे किलोमीटर धूर ओकत पळणारी गाडी यांना एकच माप लावणं मला तरी पटत नाही.

आता त्या मुलाला न आवडणारा भाग. जुनी गाडी तुम्हाला वाचवणार नाही. नव्या गाडीत ड्रायव्हरसाठी एअरबॅग २०१९ पासून सक्तीची आहे, एबीएसही त्याच वर्षापासून सगळ्या नव्या गाड्यांना. तुम्ही घेताय तिच्यात यातलं काही नाही. पुढचा पत्रा धक्का झेलून घेण्यासाठी बनवलेला नाही, तो धक्का तुमच्यापर्यंत पोचवतो. जुन्या पद्मिनीत अनेकदा बेल्टही नसतात. नव्वदच्या दशकातल्या ८०० मध्ये पुढे बेल्ट असतात, त्यांची पट्टी ताणून बघा, झिजली असेल तर रंगाआधी ती बदला. ज्या गाडीत पुढे बेल्ट नाहीत आणि ते पक्क्या जागी बसवून घेता येत नाहीत, ती गाडी नवशिक्यानं घेऊ नये. इथे मी ‘पण’ लावणार नाही.

त्याच कारणानं माझे काही हट्ट आहेत. पहिले सहा महिने गाडीत एकच माणूस बसवायचा, तोही गाडी येणारा. चार मित्र, मोठं गाणं आणि नवा ड्रायव्हर हे एकत्र आलं की काय होतं ते वर सांगितलंय. रात्रीचा हायवे नको. जुन्या हेडलाइटच्या पिवळ्या उजेडात कडेला उभा असलेला बिनलाइटचा उसाचा ट्रॅक्टर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. एक्सप्रेस वे तर नकोच, तिथे तुम्ही ऐंशीनं चाललात की मागचे सगळे तुमच्यावर चढून येतात. जुन्या गाडीत पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवायचं. आणि घाट पहिल्यांदा उतरायचा तो दिवसा, कुणीतरी जाणता शेजारी बसवून, दुसऱ्या गियरमध्ये.

या सगळ्यातून जी मजा येते ती वेगळीच आहे, हेही सांगून टाकतो. उन्हाळ्यात चढावर पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडली की फ्युएल पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं झाडाखाली बसायचं. हे शिकलेला माणूस नंतर कुठल्याही बंद पडलेल्या गोष्टीसमोर शांत राहतो. चढावर हँडब्रेक आणि हाफ क्लचवर गाडी इंचभर मागे न जाऊ देता उचलता आली त्या दिवशी मला जो आनंद झाला होता, तो पगारवाढीला झाला नाही. माझी पांढरी पद्मिनी त्या घाटानंतर सात वर्षं माझ्याकडे होती. स्पीकर काढून विकले आणि त्या पैशात चारही लायनर आले.

राहिला प्रश्न पैशाचा. गाडीला जेवढे द्याल, त्याच्या निम्मे तरी पहिल्या वर्षासाठी बाजूला हवेत. ब्रेक, टायर, पाइप, बॅटरी, याच क्रमानं. टायर दिसायला नवे वाटले तरी बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. बारा वर्षांचे न झिजलेले टायर हे झिजलेल्या टायरपेक्षा वाईट, कारण ते विश्वास देतात. म्हणजे तुमच्याकडे साठ असतील तर गाडी चाळीसची बघायची. आणि आईचे तीस आईकडेच राहू द्यायचे. नव्वदची पद्मिनी घेऊन खिसा रिकामा झालेला मुलगा ब्रेकचं काम पुढच्या महिन्यावर ढकलतो. मीही ढकललं होतं.

हे सगळं थोडक्यात त्या मुलाला लिहून पाठवलं. थोडक्यात म्हणजे अकरा मेसेज. तीन दिवस काहीच उत्तर नाही. मला वाटलं, म्हातारा नाट लावतोय म्हणून रागावला असेल. रविवारी संध्याकाळी त्याचा मेसेज आला.

‘सर, निळीला चुंबक लावलं. पाच ठिकाणी खाली पडलं. ड्रायव्हरच्या पायाखालून रस्ता दिसतो. मालक चिडला. नाही घेतली. बार्शीजवळ एका निवृत्त शिक्षकांची ९७ ची ८०० आहे, रंग पार गेलाय, पण आरसी त्यांच्याच नावावर आहे आणि ते स्वतः ड्रम उघडून दाखवतो म्हणाले. पुढच्या रविवारी बाबांना घेऊन चाललोय. चुंबक घेतलंय.’